बंदूक घरी, काडतूस बॅगेत

विमानतळावर सामान तपासणाऱ्या यंत्रापाशी जो प्रवासी अडकतो, त्याच्याकडे बऱ्याचदा बंदूक नसतेच. असते ते एखादे सुटे काडतूस. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात, जाकिटाच्या आतल्या खिशात, नाहीतर दाढीच्या सामानाच्या थैलीत. बंदूक सहसा कुणी विसरत नाही. ती महागाची, कुलपातली. तिचा नंबर परवान्यावरही असतो आणि पोलीस ठाण्याच्या दप्तरीही. .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस जेमतेम सव्वा इंचाचे, वजनाने दहा ग्रॅमच्या आसपास. एकदा खिशात पडले की ध्यानातून जाते. कायद्याच्या लेखी मात्र या सव्वा इंचालाही परवाना लागतो, आणि तो नसेल तर शिक्षा बंदुकीच्याच कलमाखाली होते.

म्हणून विमानाने काडतुसे नेता येतात का, या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. रीतसर सांगून, मोजून, बांधून नेली तर येतात. न सांगता, न मोजता एक जरी गेले तरी प्रवास पोलीस ठाण्यात संपतो. या दोहोंमधला फरक नियमांच्या जाडजूड पुस्तकापेक्षा एका साध्या सवयीवर ठरतो: आपल्याकडे किती काडतुसे आहेत आणि ती कुठे आहेत, हे आपल्याला माहीत आहे का?

बीडमध्ये हा प्रश्न का?

बीड जिल्ह्याला प्रवासी विमानसेवा नाही. इथला माणूस गेवराई, पाचोड, आडूळ मागे टाकत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ गाठतो, नाहीतर पुण्याची वाट धरतो. पण शस्त्र परवान्यांच्या बाबतीत हा जिल्हा मागे नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली आणि त्यानंतर बीडमधल्या शस्त्रांचा विषय राज्यभर गाजला. जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे तेव्हा लोकांसमोर आले. कमरेला रिव्हॉल्व्हर लावून काढलेले फोटो आणि हवेत बार काढल्याचे व्हिडिओ फिरू लागले, गुन्हे दाखल झाले, आणि पोलिसांच्या प्रस्तावांवरून प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

हवेत बार काढणे हा हौसेचा भाग मानणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून लग्नसमारंभात, मिरवणुकीत किंवा सार्वजनिक ठिकाणी निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

त्या सगळ्या गदारोळात चर्चा फिरली ती बंदुकांच्या आकड्याभोवती. काडतुसांचा हिशोब मागे पडला. खरे तर परवान्यावर तो हिशोब लिहिलेला असतो. एका वेळी जवळ किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, असे दोन आकडे परवान्यावर असतात. विक्रेता प्रत्येक खरेदीची नोंद करतो. घेतलेली काडतुसे कागदावर येतात. उडवलेली, हरवलेली आणि कुठल्या तरी खिशात राहून गेलेली येत नाहीत. बार काढताना मूठभर काडतुसे खिशात घातली, चार उडवली, दोन परत डब्यात गेली आणि एक जाकिटातच राहिले. पुढे दोन महिन्यांनी तेच जाकीट घालून माणूस दिल्लीच्या विमानाला निघाला, की या राहिलेल्या एकाची गाठ थेट सुरक्षा यंत्रणेशी पडते.

कायद्याच्या लेखी काडतूस

शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो अंमलात आला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याच्या तिसऱ्या कलमात अग्निशस्त्र आणि दारूगोळा हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात. परवान्याशिवाय यातले काहीच मिळवायचे, बाळगायचे किंवा वाहून न्यायचे नाही. दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात. विनापरवाना अग्निशस्त्र किंवा दारूगोळा बाळगण्याची शिक्षा पूर्वी एक ते तीन वर्षे होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड अशी झाली. त्याच दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा राहिली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली.

‘माझ्याकडे लायसन आहे’ एवढे म्हणून भागत नाही. परवाना ठरावीक शस्त्राचा आणि त्याच्याच काडतुसांचा असतो. बारा बोअरचा परवाना असलेल्याच्या बॅगेत .३२ ची गोळी निघाली, तर त्या गोळीपुरता तो विनापरवानाच. लष्करी वापराच्या बोअरचे काडतूस असेल तर प्रकरण आणखी गंभीर होते, कारण प्रतिबंधित शस्त्रे आणि दारूगोळ्याच्या कलमात किमान शिक्षाच सात वर्षांची आहे. घरातल्या कुणी फौजेतून आठवण म्हणून आणलेली गोळी चावीच्या जुडग्याला अडकवून फिरणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे.

दुसरी मेख कार्यक्षेत्राची. परवाना कुठवर चालतो हे त्यावरच लिहिलेले असते: जिल्हा, राज्य की संपूर्ण भारत. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन चिकलठाण्याहून मुंबईला जाता येईल, पण दिल्लीत किंवा हैदराबादेत उतरताच तो कागद अपुरा ठरतो. विमानात बसण्याआधी परवान्यावरची ती एक ओळ वाचणे हे पहिले काम.

जवळून पाहिलेले काडतूस

बारा बोअरचे काडतूस म्हणजे प्लास्टिकची नळी आणि बुडाला पितळी वाटी. वाटीच्या मधोमध एक बारीक गोल टिकली दिसते, ती कॅप. बंदुकीची सुई कॅपवर आपटली की आतले संवेदनशील स्फोटक ज्वाळा फेकते, वर भरलेली धूररहित दारू पेटते, तिचा वायू बुचाला ढकलतो आणि बूच छऱ्यांना. नळीचे वरचे तोंड घड्या घालून बंद केलेले असते. ते उघडून तीसेक ग्रॅम शिसे बाहेर पडते. ‘बारा’ हा आकडाही शिशावरूनच आला. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातल्या एका गोळ्याची जाडी जेवढी, तेवढी या बंदुकीची नळी रुंद. मिलिमीटरमध्ये ती साडेअठराच्या आसपास भरते.

ही काडतुसे महाराष्ट्राला परकी नाहीत. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्याची ‘शक्तिमान’ नावाची बारा बोअरची काडतुसे देशभर विकली जातात, आणि रिव्हॉल्व्हरच्या पितळी काडतुसाच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे याच कारखान्याची. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही लहान शस्त्रांच्या काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. २०२१ मध्ये सरकारी दारूगोळा कारखान्यांची फेररचना झाली, तेव्हापासून हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यातूनच चालणाऱ्या कंपनीत आले.

एवढा स्फोटक माल विमानाच्या पोटात चालतोच कसा? याचे उत्तर काडतुसाच्या रचनेत आहे. बारा बोअर बंदुकीच्या कोठीत बार उडतो तेव्हा क्षणभर सातशे-आठशे वातावरणांइतका दाब तयार होतो. तो दाब तयार होतो याचे कारण चहूबाजूंनी जाड पोलादी भिंत असते आणि वायूला पुढे पळायला एकच वाट असते. बंदुकीबाहेर, नुसत्या पेटीत, ही भिंत नसते. उष्णतेने दारू पेटलीच तर दाब वाढायच्या आत नळी नाहीतर पितळ फाटते. पुंगळीचे तुकडे उडतात, जड गोळी फारशी हलत नाही. अमेरिकेतल्या काडतूस उत्पादकांच्या संघटनेने हजारो काडतुसे मुद्दाम आगीत टाकून हे तपासले आहे. ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट झाला, एकेक करून काडतुसे फुटत गेली, पण सगळा साठा एकदम उडाला नाही आणि बाहेर आलेले तुकडे अग्निशमन जवानांच्या पोशाखातून आरपार गेले नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गवारीत स्फोटकांचा वर्ग पहिला. त्यातला १.४ हा उपवर्ग आणि त्याला जोडलेले ‘एस’ हे अक्षर यांचा मिळून अर्थ असा: चुकून काही घडले तरी त्याचा परिणाम खोक्याच्या आतच राहील, आणि खोके आगीत जळाले तरी जवळ उभे राहून आग विझवणाऱ्यांच्या कामात मोठा अडथळा येणार नाही. या १.४ एस गटातली यूएन ००१२ म्हणजे गोळीची किंवा छऱ्यांची काडतुसे, आणि यूएन ००१४ म्हणजे नुसता आवाज करणारी कोरी काडतुसे. प्रवाशाला सामानात एवढ्या दोनच प्रकारांची परवानगी मिळू शकते. पेट घेणाऱ्या किंवा स्फोट होणाऱ्या गोळ्यांना ती कधीच मिळत नाही. घरी ठासणीच्या बंदुकीची सुटी दारू असेल, तर तिलाही विमानात जागा नाही, कारण तिच्याभोवती काडतुसाची बंद रचनाच नसते.

बॅगेत चालते, हातात का नाही?

चेक-इन काउंटरवर एक मजेशीर विरोधाभास दिसतो. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायला सक्त मनाई. ती हातातल्या बॅगेतच हवी. काडतूस अगदी उलट; ते हातातल्या बॅगेत चालत नाही, चालले तर मोठ्या बॅगेतच. दोन्ही नियम धोक्याच्या स्वभावावर बेतलेले आहेत. लिथियमची बॅटरी कुणी हात न लावताही पेटू शकते, म्हणून ती माणसांच्या नजरेसमोर ठेवायची, म्हणजे लगेच विझवता येते. काडतूस आपणहून पेटत नाही. त्याला बंदूक आणि माणसाचा हात लागतो. म्हणून ते प्रवाशाचा हात उड्डाणभर पोहोचणार नाही अशा जागी ठेवायचे.

भारताने हा धडा अनुभवातून घेतला. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले, तेही नकली पिस्तूल आणि नकली हातबॉम्बच्या धाकावर. आज खेळण्यातले पिस्तूलही केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, त्यामागे असे अनुभव आहेत. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातल्या बॉम्बस्फोटात ३२९ जण मृत्युमुखी पडले. तो बॉम्ब सामानाच्या बॅगेत होता आणि बॅगेचा मालक विमानात बसलाच नव्हता. त्यानंतर प्रवासी आणि त्याची बॅग यांची जुळवणी जगभर कडक झाली. नागरी विमान सुरक्षा ब्यूरो १९८७ मध्ये स्वतंत्र खाते झाले. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले गेल्यानंतर, २००० सालापासून विमानतळांची राखण टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. आज बॅग पोटात जाण्याआधी क्ष-किरणांखालून जाते ती या सगळ्या इतिहासामुळे.

काउंटरवर काय करायचे?

काम सुरू होते ते तिकीट काढल्यावर लगेच. विमानकंपनीला फोन करून शस्त्र आणि काडतुसे न्यायची आहेत हे सांगायचे आणि होकार मिळवायचा, कारण काडतुसे नेऊ द्यायची की नाही हा अधिकार कंपनीचा आहे. शुल्क किती, आधी किती वेळ यायचे, हे कंपनीगणिक बदलते. नेहमीपेक्षा तासभर तरी लवकर पोहोचावे.

काउंटरवर पहिले वाक्य हेच हवे: माझ्याकडे परवान्याचे शस्त्र आणि इतकी काडतुसे आहेत. मूळ परवाना, त्याच्या प्रती, ओळखपत्र आणि तिकीट समोर ठेवायचे. कर्मचारी घोषणापत्र भरून घेतात, शस्त्राचा नंबर परवान्याशी ताडतात, काडतुसे मोजतात. शस्त्र रिकामे आहे याची सुरक्षा कर्मचाऱ्यांसमोर खात्री केली जाते. बंदूक आणि काडतुसे वेगवेगळी बांधायची. काडतुसे मूळ खोक्यात किंवा लाकडी, धातूच्या अथवा जाड पुठ्ठ्याच्या मजबूत पेटीत, एकमेकांवर आपटणार नाहीत अशी बसवलेली हवीत. कारखान्याच्या खोक्यात प्रत्येक काडतुसाला वेगळी खाच असते ती त्यासाठीच. एकाचे टोक दुसऱ्याच्या कॅपवर दाबले जाऊ नये. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली, मोज्यात गुंडाळलेली किंवा मॅगझिनमध्ये भरून ठेवलेली काडतुसे परत पाठवली जातात. बॅगेवर ‘आत शस्त्र आहे’ असे बाहेरून दिसेल असे काही लिहायचे नाही. चोराला आमंत्रण कशाला? उतरल्यावर अशी बॅग अनेकदा पट्ट्यावर न सोडता कर्मचारी हातात देतात.

काडतुसे किती? इथे तीन मर्यादा एकावर एक येतात. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांत माणशी पेटीसह ५ किलो, तेही स्वतःच्या वापरासाठी. भारतातल्या कंपन्यांच्या नियमांत सर्वसाधारण परवानाधारकाला एक शस्त्र आणि ५० काडतुसे हा आकडा रूढ आहे. आणि तिसरी मर्यादा परवान्यावरची. तिन्हींतली सर्वांत लहान संख्या तुमची. बारा बोअरची शंभरेक काडतुसे ५ किलोत बसतील, .३२ ची चारशेहून अधिक. पण परवान्यावर २५ असतील तर २५ च. नवरा-बायकोच्या दोन वाट्यांची काडतुसे मिळून एकाच पेटीत घालणेही नियमाला मान्य नाही.

शस्त्र रिकामे करण्याचे काम निघायच्या घाईत करू नये. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईच्या घरातून कोलकात्याच्या विमानासाठी निघायच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर ते बरोबर नेत नव्हते, घरीच ठेवत होते. त्या गडबडीत गोळी सुटून त्यांच्या पायात घुसली. आदल्या दिवशी, उजेडात, शांतपणे काडतुसे काढून वेगळी ठेवली की शस्त्र घरी राहो वा सोबत जावो, धोका कितीतरी कमी होतो.

नेमबाज हे कसे सांभाळतात?

काडतुसे घेऊन नियमाने उडणारा वर्ग महाराष्ट्रात आहे, तो नेमबाजांचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकला, ते .२२ बोअरच्या रायफलीने. त्या प्रकारात पात्रता फेरीतच ६० नेम मोजले जातात. सराव, चाचणी आणि अंतिम फेरीचे वेगळे. .२२ चे एक काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर असते, म्हणून पाच किलोंत हजाराहून अधिक मावतात. वजनाची मर्यादा त्यांना सहसा आड येत नाही, कागदपत्रे येतात.

त्यांना हव्या त्याच काडतुसांची पेटी सोबत का न्यावी लागते, हेही समजून घेण्यासारखे आहे. एकाच कारखान्याच्या, एकाच प्रकारच्या काडतुसांच्या दोन उत्पादन-खेपांत सूक्ष्म फरक असतो. रायफल बाकावर घट्ट बसवून वेगवेगळ्या खेपांची काडतुसे झाडून पाहायची आणि ज्या खेपेच्या गोळ्या सर्वांत जवळ जवळ लागतात ती निवडायची, अशी पद्धत आहे. बर्मिंगहॅमची इले, जर्मनीची आरडब्ल्यूएस अशा कारखान्यांची काडतुसे यासाठी नावाजलेली. निवडलेली खेप स्पर्धेच्या गावी मिळेल याची खात्री नसते, म्हणून ती बरोबर जाते. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्यासारख्या कोल्हापूरच्या नेमबाजांनी अशाच पेट्या घेऊन जग पालथे घातले. परदेशी स्पर्धेसाठी आपल्याकडचा परवाना, राष्ट्रीय रायफल संघटनेची पत्रे, यजमान देशाची परवानगी आणि मध्ये जिथे विमान बदलायचे त्या देशाचीही मंजुरी लागते. या खेळाडूंचा प्रवास बिनबोभाट होतो तो ओळखीपाळखीमुळे नव्हे. प्रत्येक काडतूस कागदावर आणि खोक्यातल्या खाचेत असते म्हणून.

बीडची मुले पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफलचा सराव करू लागली, तर त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा. एअर रायफलचे ४.५ मिलिमीटरचे छर्रे म्हणजे निव्वळ शिसे. त्यात दारू नाही, कॅप नाही. तिथे अडचण करते ती हवेची नळकांडी. दोनशे बारपर्यंत दाबाची हवा भरलेली नळकांडी विमानात चालत नाही. ती आधी पूर्ण रिकामी करावी लागते. आणि बंदूक हवेची असली तरी काउंटरवर सांगायचे ते सांगायचेच.

विसरलेल्या काडतुसाचे पुढे काय होते?

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर कपडे, कागद, खाद्यपदार्थ नारिंगी छटेत दिसतात, धातू निळ्या. पितळेची पुंगळी गडद निळी आणि तिच्या टोकाचे शिसे जवळजवळ काळे. आकारही नेमका, त्यामुळे प्रशिक्षित डोळा ते लगेच ओळखतो. बॅग बाजूला जाते, प्रवाशाला बोलावतात, परवाना विचारतात. परवाना असेल पण जवळ नसेल, तर तो दाखवेपर्यंत प्रवास थांबतो. परवानाच नसेल तर काडतूस आणि माणूस दोन्ही स्थानिक पोलिसांच्या ताब्यात जातात. शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जातो आणि काडतूस जिवंत आहे का हे पाहायला न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते.

इथे भारतीय न्यायालयांनी एक महत्त्वाची रेघ आखली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात म्हटले की, ‘ताबा’ म्हणायला त्या वस्तूची जाणीव हवी आणि तिच्यावर नियंत्रण हवे. १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने जाणीवपूर्वक ताब्याचा मुद्दा पुन्हा अधोरेखित केला. याच आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने बॅगेत एखादे सुटे काडतूस सापडलेल्या प्रवाशांवरचे गुन्हे वेळोवेळी रद्द केले आहेत. बंदूक नाही, हेतू नाही, बॅगेत काडतूस असल्याची कल्पना नाही, तर खटला चालवण्यात अर्थ नाही, असा त्यामागचा विचार.

पण या दिलाशावर विसंबून राहणे महागात पडते. ‘मला माहीत नव्हते’ हे विमानतळावरच्या शिपायाला पटवून भागत नाही. ते न्यायालयाला पटावे लागते. तोवर विमान सुटलेले असते, पासपोर्टचे नूतनीकरण आणि नोकरीतली चारित्र्य पडताळणी अडकू शकते, आणि गुन्हा ज्या शहरात नोंदला गेला त्या शहराच्या चकरा सुरू होतात. दिल्लीत सापडलेल्या काडतुसासाठी बीडच्या माणसाला दिल्लीतच वकील लावावा लागतो. संभाजीनगरचे खंडपीठ घराजवळ असून उपयोग नाही. शिवाय ज्याच्याकडे शस्त्र परवाना आहे त्याने ‘काडतूस म्हणजे काय ते ठाऊक नव्हते’ म्हटले तर कोण मानेल? जाणिवेचा बचाव परवानाधारकाला सर्वांत कमी उपयोगी पडतो. उलट परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून परवानाच धोक्यात येतो.

परदेशात तर हा दिलासाही गृहीत धरता येत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या टर्क्स अँड कायकोस बेटांवर २०२४ मध्ये अनेक अमेरिकन पर्यटक बॅगेत राहिलेल्या एक-दोन गोळ्यांपायी अडकले. तिथल्या कायद्यात किमान शिक्षाच १२ वर्षांची होती. बराच गाजावाजा झाल्यावर न्यायाधीशांना शिक्षा कमी करण्याचा अधिक अधिकार देणारी दुरुस्ती झाली. फिलिपाइन्समध्ये २०१५ साली मनिलाच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगेत मुद्दाम गोळी टाकून पैसे उकळले जातात असे आरोप झाले आणि लोक बॅगा प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेऊ लागले. अमेरिकेत देशांतर्गत प्रवासात काडतुसे बॅगेत नेणे तुलनेने सोपे. तिथल्या तपासणी नाक्यांवर २०२४ या एका वर्षात ६,६७८ बंदुका सापडल्या आणि त्यातल्या बहुतेक भरलेल्या होत्या. टेक्सासमध्ये राहणारा आपला भाचा शनिवारी मित्रांबरोबर रेंजवर जातो आणि दिवाळीला तीच बॅग घेऊन गावी येतो. तिथे जे काडतूस किरकोळ समजले जाते, तेच मुंबईत उतरल्यावर विनापरवाना दारूगोळा ठरते.

हिशोब कुणी ठेवायचा?

उपाय साधे आहेत. शेतावर, रेंजवर किंवा बंदोबस्ताला नेलेली बॅग प्रवासाला वापरायची नाही. कुणाची बॅग उसनी घेतली तर तिचे सगळे कप्पे, अस्तर आणि चेन उघडून, बॅग उलटी करून झटकायची. रिकामी पुंगळी आठवण म्हणून जवळ ठेवायची नाही. ती रिकामी आहे हे आपल्याला माहीत असते, पडद्यावर पाहणाऱ्याला नसते, आणि किरकोळ सुट्या भागांना कायद्यात मिळणारी सूट सिद्ध करण्यात दिवस जातात. घरात एक वही ठेवायची: घेतली किती, उडवली किती, शिल्लक किती.

हे शेवटचे काम परवानाधारकाच्या मर्जीवर सोडण्याचे कारण नाही. निवडणुका लागल्या की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, परवान्याच्या नूतनीकरणाला शस्त्र दाखवावे लागते. त्याच वेळी विक्रेत्याकडून घेतलेल्या काडतुसांची नोंद आणि हातात असलेली काडतुसे समोरासमोर ठेवून मोजली, तर दोन गोष्टी एकदम साधतील. वरातीत हवेत गेलेल्या काडतुसांचा जाब विचारता येईल आणि जाकिटात राहिलेले एखादे वेळीच ध्यानात येईल. हे काम चिकलठाण्याच्या यंत्रावर सोडून चालणार नाही. ते यंत्र फक्त विमानाने जाणाऱ्यांचे सामान पाहते, आणि बीडची बहुतेक काडतुसे विमानात कधी बसतच नाहीत.